एका रविवारात ब्राँझ मिळतं का?

प्रश्न: ताई, मुलगी नववीत आहे, 14 पूर्ण. ड्यूक ऑफ एडिंबरो अवॉर्ड म्हणून तरुण मुलांसाठी उपक्रम असतो ना, त्याचं ब्राँझ, म्हणजे पहिली पातळी करतेय, आंजर्ल्याचा किनारा साफ करायचा म्हणते. एका रविवारी पोरं जमवून फोटो काढले की झालं ना? – एक आई, दापोली

उत्तर: नाही हो, फोटोवर भागत नाही! अवॉर्डमधल्या सेवेच्या भागासाठी किमान 3 महिने लागतात, आठवड्याला तासभर तरी, आणि ही स्पर्धा नाहीये त्यामुळे मैत्रिणींशी तुलना नको. पावसाळ्यानंतर नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे वाळूत असे रुतलेले असतात की ओढून निघत नाहीत, कापावेच लागतात, म्हणून आधी कोळीवाड्यात जाऊन विचारू दे तिला, फाटकी जाळी टाकता कुठे. थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, तेव्हा रात्री टॉर्च घेऊन फिरणं बंद. ग्रामपंचायतीचा अर्जही तिलाच लिहू दे, तुम्ही फक्त डबा द्या.