कुस्तीतून राजकारणी लोकांना बाहेर काढणं शक्य आहे का? आणि अशा वातावरणात १२ वर्षांच्या मुलाला तालमीत घालावं का?

नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. दुसऱ्याकडे येतो, पण त्याआधी थोडं बोलू द्या, कारण "खेळात राजकारण नको" हे वाक्य मी आजवर सगळ्यात जास्त वेळा कुणाकडनं ऐकलं असेल तर ते मैदानाच्या स्टेजवरच्या पुढाऱ्याकडनं, हातात माइक आणि डोक्याला जत्रा कमिटीनं नुकताच बांधलेला फेटा.

मी सांगली जिल्ह्यातला. आता दूध संकलन बघतो, वजन ११२ किलो आहे, त्यामुळं मी पैलवान होतो म्हटलं की लोक आधी पोटाकडं बघतात. वयाची अठरा ते चोवीस ही वर्षं कोल्हापुरात तालमीत काढलीत. कान अजून फुटलेलेच आहेत, तेवढा एक पुरावा.

आधी मला हे दाखवा की कुस्ती आणि राजकारण वेगळं होतं कधी. खासबागेचं मैदान शाहू महाराजांनी बांधलं, १९१२ साली. महाराज म्हणजे सरकारच की ओ. संस्थानं गेली तसा तालमींचा पोशिंदा गेला आणि त्या जागी कोण आलं तर साखर कारखाने, दूध संघ आणि त्यांचे चेअरमन. मल्लांना मानधन कोण देतं, मैदानं कोण भरवतं? डिसेंबरात वारणानगरचं मैदान बघा, तिकडं कुंडलचं बघा, त्यामागं सहकारातली माणसं आणि घराणी नसती तर आम्ही माती कुठं लावली असती? लोक लगेच खाशाबा जाधवांचं उदाहरण देतात. गोळेश्वरचा माणूस, १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नाहीत, लोकांनी वर्गणी काढली, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार दिले आणि गडी ब्राँझ घेऊन आला, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक मेडल. बरोबर आहे. पण ती गोष्ट सांगून आपण छाती फुगवतो तेव्हा मला कळत नाही की दर पैलवानामागं घर गहाण टाकणारा प्राचार्य कुठनं आणायचा. माझ्या बापानं एक म्हैस विकली आणि दुसरीचं दूध डेअरीला न घालता मला पाजलं, त्याच्यापुढं त्याची पोच नव्हती.

त्यामुळं पुढाऱ्याच्या पैशाला माझा विरोध नाही. लोक चिडतील, चिडू देत.

माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. पेपर उघडला की राजकारणाच्या बातमीत सगळे शब्द आमचे. याने शड्डू ठोकला, त्याने धोबीपछाड दिली, अमुक चितपट, तमुकची नुरा कुस्ती, म्हणजे आधीच ठरवून खेळलेली. २०१९ च्या विधानसभेला तर फडणवीस म्हणत होते की आमचे पैलवान तेल लावून उभे आहेत पण समोर कुणीच नाही, आणि त्यावर पवारसाहेबांनी कुस्ती पैलवानांशी होते म्हणून भर सभेत हातवारे करून दाखवले. तेही स्वतः तेव्हा कुस्तीगीर परिषदेचे, म्हणजे राज्यातल्या कुस्तीच्या संघटनेचे, वर्षानुवर्षं अध्यक्ष होते. ऐकायला झकास. पण खरं सांगू का, आपल्या राजकारणाला निकाली कुस्ती नकोच असते. गावात सोसायटी बिनविरोध, सरपंचपद अडीच वर्षं तुझं अडीच वर्षं माझं, उपसरपंच त्यांच्या वाड्याचा, म्हणजे कुणी पडला नाही आणि कुणी जिंकला नाही. त्यांनी आमच्याकडनं शब्द नेले आणि बदल्यात आम्हाला 'ॲडजस्टमेंट' दिली. मातीतली कुस्ती मॅटसारखी पॉइंटवर नसते हो, समोरच्याची पाठ मातीला लागली पाहिजे. ती एकच गोष्ट होती आमच्याकडं.

आता माझं सांगतो. जानेवारी २००७, आमच्या गावची खंडोबाची जत्रा. पुढं झेडपी-पंचायत समितीची निवडणूक तोंडावर. मी बावीस वर्षांचा, अंगात नुसता वारा भरलेला. माझी कुस्ती तीन नंबरची, इनाम एकवीस हजार, आणि जोड लावली होती शेजारच्या गावच्या पोराबरोबर. नाव घेत नाही, चांगला गडी होता, आताही भेटला की चहा पाजतो. पण ते पोरगं ज्या तालमीत होतं ती तालीम आमच्या भागातल्या एका साहेबांच्या घरची, आणि एक नंबरच्या कुस्तीचं एक लाखाचं इनामही साहेबांचंच. आमचं गाव आणि ते गाव एकाच झेडपी गटात, म्हणजे मतदारसंघ एकच. एवढं सांगितल्यावर पुढचं तुम्हाला कळलंच असेल, मला बावीसाव्या वर्षी कळलं नव्हतं.

जत्रा कमिटीत माझा चुलता होता, तात्या. जोड त्यानंच लावली.

मैदान भरलेलं, हलगी घुमक्याचा नुसता कडकडाट, पाच हजार तरी माणूस असेल. माझे वस्ताद कोल्हापूरहून वडापच्या जीपनं आलेले, सकाळपासनं पोटात फक्त चहा. पहिली दहा मिनिटं खडाखडी, तो पण जपून मी पण जपून. मग मी पट काढला, म्हणजे त्याचे पाय ओढले, गडी खाली गेला, मी पाठीवर कब्जा घेतला आणि घिस्सा ओढायला लागलो, म्हणजे खालच्या गड्याला पाठीवर उलटवायचा डाव. आता ज्यांना माती माहीत आहे त्यांना मी काय सांगू, घिस्सा बसला की हाताला कळतं. समोरच्याचा दम आपल्याला ऐकू येतो. त्याचा एक खांदा मातीला लागला होता आणि दुसरा चार बोटं वर होता, चार म्हणजे चार, मी शपथेवर सांगतो.

आणि साहेब स्टेजवरनं उठले.

उठले ते सरळ हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, मागं दहा-बारा जण, पंचानं शिट्टी मारली, हलगी थांबली. मला कुणीतरी मागनं दंडाला धरून उठवलं. साहेबांनी माझा एक हात आणि त्याचा एक हात धरून वर केला आणि माइकवर म्हणाले की दोन्ही गावची पोरं वाघ आहेत, आज कुणीच हरलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या! मला आजही त्या पुढाऱ्यापेक्षा टाळ्या वाजवणाऱ्यांचा राग जास्त येतो. साडेदहा हजार त्याला, साडेदहा मला, पाकीट घेताना फोटो. वस्ताद उठले, सत्काराचा नारळ आणि फेटा खुर्चीवर तसाच ठेवला आणि मला एवढंच म्हणाले, "ह्यो निकाल न्हाय, ही वाटणी हाय." मग जीपला जाऊन बसले.

रात्री घरी भांडण झालं. तात्या म्हणाला, "आरं दोन्ही गावची मतं हायती, जरा समजून घे, तुझ्या एका कुस्तीनं गावाचं वाटुळं करू का मी?" आणि वर म्हणाला की तसाही घिस्सा बसला नव्हता, तो निसटतच होता, साहेबांनी तुझी अब्रू राखली. हे दुसरं वाक्य मला गेली कित्येक वर्षं खातंय. पहिलं मी समजून घेतलं असतं, खरंच घेतलं असतं.

पुढं काय झालं? साहेबांचा माणूस निवडून आला. वर्षभरात तात्या सोसायटीत संचालक, अर्थातच बिनविरोध. तीन-चार वर्षांनी गावात व्यायामशाळेची इमारत झाली, फंडातनं मॅट पण आली. तात्या अजून म्हणतो की ती इमारत माझ्या बरोबरीच्या कुस्तीनं आली. इमारतीत सध्या ग्रामपंचायतीच्या खुर्च्या, मंडपाचे बांबू आणि एक मोडका ट्रेडमिल आहे, मॅटचा एक कोपरा उंदरांनी खाल्लाय. पोरं शेजारच्या तालुक्याला जातात सरावाला.

हे फक्त गावच्या जत्रेत होतं असं समजू नका. राज्य पातळीवर काय झालं? आधी परिषद कुणाची यावरनं भांडण, दोन गट, कोर्टकचेरी, आणि शेवटी २०२३ च्या एकाच नोव्हेंबर महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी! फुलगावला सिकंदर शेख आणि धाराशिवला शिवराज राक्षे. दोघेही जातिवंत मल्ल आहेत, त्यांच्याबद्दल एक अक्षर वाईट बोलणार नाही, पण १९६१ पासनं चालत आलेल्या किताबाची वाटणीच केली की. अडीच-अडीच वर्षांचा सरपंच आणि हे, फरक काय? मग २०२५ ला अहिल्यानगरला सेमीफायनलच्या निकालावरनं राक्षेनं पंचाला लाथ मारली, तीन वर्षांची बंदी आली. लाथ चुकीचीच, मारायला नको होती. पण सगळ्या टीव्हीवाल्यांनी लाथ दाखवली, आणि पंचाच्या निकालावरचा पोरांचा विश्वास कधी आणि कुणामुळं उडाला हे कुणी विचारलं नाही.

आणि दिल्लीचं तर बोलायलाच नको. २०२३ ला जंतरमंतरवर पैलवान पोरी बसल्या, लैंगिक छळाचे आरोप कुस्ती फेडरेशनच्या अध्यक्षावर, तो तेव्हा सत्ताधारी पक्षाचा खासदार. पुढच्या वर्षी त्यातलीच विनेश फोगट काँग्रेसकडनं हरियाणातल्या जुलानाची आमदार झाली. लोक म्हणाले बघा, सगळं राजकारणच होतं. अहो, मग तिनं जायचं कुठं होतं?

काही जण सुचवतात की पैलवानांनीच राजकारणात जावं म्हणजे सुधारेल. आमचे डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील २०२४ ला सांगलीतनं लोकसभेला उभे राहिले, तिसऱ्या नंबरला गेले, आणि हे सांगलीत, जिथं गल्लीबोळात तालीम आहे. पुण्यात मुरलीधर मोहोळ निवडून आले, तेही तालमीतले, केंद्रात मंत्री झाले. म्हणजे पक्ष आणि यंत्रणा पाठीशी असली की जमतं, नुसत्या फुटलेल्या कानावर कुणी मत देत नाही.

आता तुमच्या मुलाचं. घाला तालमीत. बारा वर्षं चांगलं वय आहे, पण शाळा सोडवू नका आणि जिथं मातीबरोबर मॅटचा सराव आहे तिथंच घाला, कारण पुढं नोकरी, कोटा, नॅशनल सगळं मॅटवर आहे. तालमीत जाऊन पहाटे पाचला उभे राहा आणि वस्ताद स्वतः उठलेला असतो का बघा, बाकी भिंतीवर कुणाकुणाचे फोटो लावलेत ते बघू नका, सगळीकडं असतात. खुराकाचा खर्च जमेल का तुमचं तुम्ही बघा, तूप-बदाम आता वाण्यापेक्षा सोनारानं विकावं अशी स्थिती आहे. आणि एक, गावाकडच्या मैदानात पोराची कुस्ती नेमताना जत्रा कमिटीत घरातलं कुणी असेल तर तिथं उतरवूच नका. परक्या गावात हरला तरी चालेल, तिथं किमान हरू तरी देतील. पैसे पुढाऱ्याचे घ्या, फेटा बांधून घ्या, पण कुस्ती लागली की स्टेजवरचा माणूस हौद्यात उतरणार नाही हे कमिटीकडनं आधी कबूल करून घ्या. माझ्या घरच्या माणसानं हे केलं नाही.

हे पण सांगायला पाहिजे की सगळे पुढारी तसले नसतात. मी एक-दोन जण असे बघितलेत जे दोन-दोन तास उन्हात बसून निकाल लागेपर्यंत हलले नाहीत, हरलेल्या पोराला खिशातनं वेगळे पैसे दिले आणि त्याचा फोटोही काढू दिला नाही. आणि बरोबरी प्रत्येक वेळी लबाडीच असते असंही नाही, दोन्ही गडी थकून लोळायला लागले, अंधार पडला, तर सोडवावीच लागते. माझ्या वेळी ऊन चांगलं होतं.

त्या मैदानाची सीडी आहे आमच्याकडं. मागच्या दिवाळीला पुतण्यानं ती कॉम्प्युटरवर घेतली आणि सगळे मिळून बघायला बसलो, तात्या पण होता, आता ऐंशीला टेकलाय. मी म्हटलं आता होऊ दे सोक्षमोक्ष. शूटिंगवाला गावातलाच, लग्नं करणारा. मी पट काढलेला दिसतो, कब्जा घेतलेला दिसतो, घिस्स्याला हात घातलेला पण दिसतो, आणि तेवढ्यात साहेब खुर्चीतनं उठतात आणि ह्या बाबानं कॅमेरा फिरवला साहेबांकडं. मग अर्धा मिनिट नुसते साहेब, पायऱ्या उतरतायत, कुणी पाया पडतंय, कुणी रस्ता करतंय. पाठीमागं हलगी ऐकू येते आणि मधेच सगळ्या मैदानाचा एकदम "आऽऽऽ" असा आवाज येतो. कॅमेरा परत हौद्यात येतो तेव्हा आमचे दोघांचे हात वर.

तात्या म्हणतो त्या आवाजाला गडी सुटला. मी म्हणतो खांदा टेकला. पाच हजार माणूस होतं तिथं, त्यातलं कुणी हे वाचत असेल आणि त्या दिवशी हौद्याच्या पूर्वेच्या अंगाला बसलेलं असेल, तर काय दिसलं ते सांगा.