वाचकांचे प्रश्न : तालमीसाठी गादी घ्यावी का?

(शाळेत शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झालेल्या आणि स्वतः कबड्डी खेळलेल्या आमच्या ताई या सदरात खेळाच्या साहित्याबद्दल आणि मैदानांबद्दल वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

ताई, आमच्या तालमीत लाल मातीचा हौद आहे, आजोबांच्या वेळेपासूनचा. माझी तेरा वर्षांची मुलगी तिथंच कुस्ती शिकते. शालेय स्पर्धेत ती पहिल्यांदा गादीवर उतरली आणि बघता बघता दहा गुणांनी हरली. आता गावातली पोरं वर्गणी काढून गादी आणायची म्हणतात. वस्ताद म्हणतात, मातीत तयार झालेला गडी कुठंही लढतो. काय करावं?
— एक वडील, तासगाव तालुका

गादी घ्या. हौद मात्र बुजवू नका.

आधी मुलगी का हरली ते समजून घ्या, कारण तिच्या ताकदीत कमतरता असेल असं मला वाटत नाही. मातीत पाय थोडा रुततो. त्यामुळे झेप हळू होते, खडाखडी, म्हणजे सुरुवातीची हातांची झटापट, लांबते, समोरच्याला जोखायला वेळ मिळतो आणि शेवटी पाठ लागली की निकाल. गादीवर पायाखाली फोम आणि त्यावर ताणलेलं गुळगुळीत आवरण असतं, पायात बूट असतात. जोर लावला की तो लगेच पुढं जातो. म्हणून तिथं खेळणारी पोर कमरेत वाकून उभी राहते आणि शिट्टी वाजताच पटात घुसते, म्हणजे समोरचीचे पाय धरते. खाली घेतलं की दोन गुण, पाठ उघडी केली की आणखी दोन, रिंगणाबाहेर ढकललं तरी एक. फ्रीस्टाईलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच थांबते. तुमची मुलगी अजून हात जोखत असणार, तेवढ्यात दुसरीनं दोन-तीनदा पट काढला असेल.

वस्तादांचा मान राखून सांगते, त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. आमच्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीतलेच पैलवान. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादी आणि तिथले नियम दोन्ही त्यांना नवे होते, तरी ते सहावे आले. मग पुढची चार वर्षं त्यांनी त्या कुस्तीची तयारी केली आणि 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मातीनं त्यांना घडवलं हे खरंच, पण लंडन ते हेलसिंकी हा फरक मधल्या तयारीचा आहे.

हॉकीत अशी तयारी नसणं फार महागात पडलं. 1975 मध्ये आपण क्वालालंपूरला गवतावर विश्वचषक जिंकला. पुढच्याच वर्षी माँट्रियलला ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर झाली आणि आपण सातवे आलो. 1928 पासून एकाही ऑलिंपिकमधून आपला हॉकी संघ रिकाम्या हातानं आला नव्हता. टर्फवर चेंडू सरळ आणि वेगात जातो. गवतावर चेंडू काठीशी खेळवत नेण्याचं आपलं कसब होतं, टर्फवर मात्र लांब पास आणि धावण्याचा दम भारी ठरला. टर्फ महाग, आणि आपली पोरं पुढंही कितीतरी वर्षं गवतावर नाहीतर मातीवर शिकून टर्फवर लढायला जात राहिली. याचं मला आजही वाईट वाटतं. स्पर्धा ज्या पृष्ठभागावर आहे, त्यावर सराव मिळणं हा खेळाडूचा हक्क आहे असं मी मानते.

आता गादीबद्दल. स्पर्धेची गादी बारा मीटर लांब, बारा मीटर रुंद असते आणि मधलं रिंगण नऊ मीटर व्यासाचं. एवढी घ्यायचीच असा हट्ट धरू नका. फोमचे तुकडे सुटे मिळतात. समाजमंदिरात सहा बाय सहा मीटर बसत असेल तर तेवढ्यावर सुरुवात करा आणि उरलेल्या पैशातून भिंतींना खांद्याच्या उंचीपर्यंत फोम लावून घ्या. पोरं गादीच्या कडेवरून भिंतीवर जातात, हे खरेदीच्या गडबडीत कुणाच्या लक्षात येत नाही. खालची फरशी सपाट आणि छप्पर न गळणारं हवं. ओल धरली की फोम कुजतो.

गादी रोज पुसावी लागते, हेही वर्गणी काढणाऱ्यांना आधीच सांगा. मातीत आपण हळद, ताक, तेल, लिंबू घालून ती राखतो. गादीला तसंच राखावं लागतं, फक्त पातळ केलेल्या ब्लीचच्या पाण्यानं. नाहीतर एका पोराचा गजकर्ण पंधरवड्यात सगळ्या तालमीला होतो. बाहेरची चप्पल किंवा बूट गादीवर अजिबात नको. कुस्तीचे बूट वेगळे ठेवायचे आणि तालमीतच घालायचे. अंगावर चट्टा दिसलेल्या मुलीला बरं होईपर्यंत गादीवर घ्यायचं नाही, मग ती कितीही तयारीची असो.

आणि गुडघे सांभाळा. मी मातीवर अनवाणी कबड्डी खेळले. वळताना पाय घसरायचा आणि गुडघ्यावरचा पीळ सुटून जायचा. खरचटायचं, पण निभायचं. कबड्डी मॅटवर आली तेव्हा बूट आले. बूट धरून बसतो, अंग फिरतं आणि मधे गुडघा सापडतो. गादीवरच्या कुस्तीतही हा धोका आहे. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे नुसते पवित्रे, एका पायावर तोल, गुडघा वाकवून हळू उतरणं एवढंच करून घ्या. लढती नंतर.

हौद कशासाठी ठेवायचा? मातीत ओढाताण करून मान, मनगट आणि मांड्या जशा भरतात तशा गादीवर भरत नाहीत. पडायची भीती मातीतच जाते. महाराष्ट्र केसरीत आजही माती आणि गादी असे दोन विभाग आहेत. आठवड्यातले दोन दिवस माती, बाकीचे गादी, असं वस्तादांना विनवून बघा. सांगलीतच 2023 साली पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती गदा मिळवली. तुमच्या मुलीला ते नाव ठाऊक असेलच. वस्तादांनाही त्याची आठवण करून द्या.

मी 46 वर्षांचा, बँकेत नोकरी. अर्धमॅरेथॉन दोन तास दहा मिनिटांत पूर्ण करतो. ग्रुपमधले सगळे कार्बन प्लेटचे बूट घेताहेत. वीस हजार खर्च करावेत का?
— एक धावपटू, नाशिक

माझ्या मते नाही.

बूट खोटे नाहीत, ते काम करतात. त्यातला हलका, जाड फोम दाबला की बरीचशी ऊर्जा परत देतो आणि आतली कार्बनची कडक पट्टी बोटांपाशी होणारी वाकण कमी करते. 2017 मध्ये अशा पहिल्या बुटांची चाचणी झाली तेव्हा धावायला लागणारी ऊर्जा सरासरी चार टक्के कमी भरली. त्यानंतर विक्रम इतक्या झपाट्यानं पडले, की 2020 मध्ये जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला तळव्याची जाडी 40 मिलिमीटरवर आणि पट्टी एकावर रोखावी लागली.

पण त्या चाचणीतले लोक ताशी 14 ते 18 किलोमीटरनं धावत होते. तुमचा वेग दहाच्या आत आहे. त्या वेगाला फोम तेवढा दाबला जात नाही, म्हणून तेवढ्या फायद्याची खात्री धरू नका. शिवाय हा बूट उंच आणि डुगडुगता असतो, ताणाची जागा बदलतो. असे बूट घालून धावणाऱ्यांच्या पायाच्या मधल्या हाडाला ताणानं चीर पडल्याचं डॉक्टरांनी नोंदवलंय. चाळिशी ओलांडलेल्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसानं हे हलक्यात घेऊ नये.

त्या पैशात साधे, चांगले दोन जोड येतील. ते आलटून पालटून वापरा, म्हणजे फोमला पुन्हा फुगायला वेळ मिळतो. डांबरी रस्त्यावर रोज धावत असाल तर आठवड्यातून दोनदा मातीच्या मैदानावर जा. दोन तासांच्या आत आलात की मला पुन्हा लिहा.

माझा मुलगा बारा वर्षांचा, लेदर बॉलनं क्रिकेट खेळतो. नेटमध्ये हेल्मेटवर जोरात चेंडू बसला. त्याला काही झालं नाही, हेल्मेटलाही तडा नाही. तेच वापरू द्यावं का?
— एक आई, डोंबिवली

नको. आजच बाजूला काढा, आणि दुसऱ्या कुणाला देऊही नका.

हेल्मेटच्या कवचाखाली जो फोम असतो तो स्वतः चेपून मार घेतो. अनेक हेल्मेटमध्ये तो एकदा चेपला की पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, आणि बाहेरून हे दिसत नाही. मुलाला पुढच्या दोन-तीन दिवसांत डोकेदुखी, मळमळ, गुंगी, चिडचिड यांतलं काहीही वाटलं तर लगेच डॉक्टरांकडे न्या.

1962 मध्ये बार्बाडोसला आपले कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागला तेव्हा हेल्मेट नव्हतंच. कवटी फुटली, ते वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. 2014 मध्ये सिडनीत ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूजनं हेल्मेट घातलं होतं, चेंडू मात्र हेल्मेटच्या खाली मानेवर लागला आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर मानेचं संरक्षक कवच रुजलं. नवं हेल्मेट घेताना तेही घ्या. महाग बॅट पुढच्या वर्षी घेतली तरी चालेल.

दुकानात आतलं लेबल वाचा. त्यावर बीएस 7928:2013 हे ब्रिटिश मानक लिहिलेलं हवं. मुलांचा चेंडू मोठ्यांच्या चेंडूपेक्षा लहान असतो, म्हणून हेल्मेट कोणत्या मापाच्या चेंडूसाठी तपासलंय तेही पाहा. जाळी आणि वरची कड यांच्यातल्या फटीतून मुलाचा स्वतःचा चेंडू ढकलून बघा. तो आत जात असेल तर ते हेल्मेट घेऊ नका. पट्टा बांधून त्याला जोरात मान हलवायला सांगा, हेल्मेट डोळ्यांवर येता कामा नये. आणि वाढत्या वयाचा विचार करून एक माप मोठं घेऊ नका, हेल्मेट आजच्या डोक्याच्या मापाचंच हवं.