बाबांना गडावर जायचंय, आणि घरात सगळ्यांचा नकार

‘‘बाबांचं वय अडुसष्ट. डायबेटिस आहे. डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम. आणि आता म्हणतात, कर्नाळ्याला जायचंय. मॅडम, तुम्हीच समजवा त्यांना, आम्ही हात टेकले.’’

मी समुपदेशक आहे. ठाण्याच्या नौपाड्यात राहणारी चाळिशीची लेक माझ्याशी बोलत होती. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. प्रश्न मात्र अनेक घरांतला आहे. कुणाच्या आईचे गुडघे बदललेले असतात, कुणाच्या वडिलांची बायपास झालेली असते, कुणाला दिसायला कमी लागलेलं असतं. डोंगर डोक्यातून जात नाही आणि घरच्यांच्या जिवाला घोर लागतो.

जो माणूस समोर नाही त्याला समजावण्याचं काम मी घेत नाही. पुढच्या वेळी दोघं मिळून या, असं मी तिला सांगितलं.

काका जिना चढून आले. मागे लेक, तिचा हात त्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर, न टेकता. काकांनी तरुणपणापासून मित्रांच्या ग्रुपबरोबर माहुली, गोरखगड, मलंग असे गड केले होते. २०१६ साली वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमध्ये बोल्डरिंगच्या, म्हणजे दोराशिवाय बुटक्या भिंतीवर चढण्याच्या खेळाच्या, विश्वचषक मालिकेतली स्पर्धा झाली, तेव्हा ते दोन्ही दिवस जाऊन बसले होते. पुढे दुचाकीचा अपघात झाला आणि पाय गेला, गुडघ्याखाली उरला तो स्टंप, म्हणजे कापल्यावर राहिलेला भाग.

येताना त्यांनी कात्रणांची फाइल आणली होती. कृत्रिम पायाने २०१३ मध्ये एव्हरेस्ट चढलेल्या अरुणिमा सिन्हा त्यात होत्या. चीनचे शिया बोयु होते. दोन्ही पाय गुडघ्याखाली नसताना २०१८ च्या मे महिन्यात, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी ते एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. लेक फाइलकडे बघून म्हणाली, ‘‘त्यांच्यामागे शेर्पा होते. बाबांच्या मागे मी आहे.’’

दोघांचंही खरं होतं. अशी उदाहरणं उमेद देतात, पण घरातलं भांडण त्यांनी मिटत नाही. शिया बोयुंच्या त्या चढाईआधी नेपाळ सरकारने दोन्ही पाय नसलेल्या आणि अंध गिर्यारोहकांना परवाने बंद करणारा नियम केला होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, म्हणून ते जाऊ शकले. मी काकांना म्हणाले, ‘‘सरसकट बंदी चुकीची, एवढं यातून नक्की कळतं. पण तुमचा स्टंप कर्नाळ्याची वाट सोसेल का, हे या फाइलमध्ये कुठेच नाही.’’

मग लेकीला विचारलं, नेमकी कशाची भीती वाटते? ‘‘काहीही होऊ शकतं हो.’’ ‘काहीही’वर कुणालाच काही करता येत नाही. म्हणून मी तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणखी एकदा विचारला. ती बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, ‘‘पडतील याची एवढी भीती नाही. मला ते ड्रेसिंग परत नकोय.’’ ऑपरेशननंतर जखम भरायला कित्येक महिने लागले होते. रोज ऑफिसला निघण्याआधी पट्टी तीच बदलायची. तो वास आठवला की आजही तिला घास गिळवत नाही. हे तिने वडिलांपुढे कधीच काढलं नव्हतं.

काका खाली बघत राहिले. मग त्यांनी जे सांगितलं ते मला महत्त्वाचं वाटतं. ठाण्यातल्या येऊर डोंगराच्या रस्त्यावर सरावाला जाताना दोन महिन्यांपूर्वी स्टंपच्या टोकाला फोड आला होता. बाथरूमचं दार लावून ते त्यावर पावडर टाकायचे आणि पाय चढवून पुन्हा चालायला जायचे. कुणाला सांगितलं नाही. ‘‘हिला कळलं असतं तर येऊरसुद्धा बंद झालं असतं.’’

मला इथे ठामपणे बोलावंसं वाटतं. डायबेटिस असलेल्या माणसाच्या स्टंपवरचा फोड लपून राहणं हा गड चढण्यापेक्षा मोठा धोका आहे. सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या ज्या वाटीत स्टंप बसतो तिथे, घाम साठतो, कातडी मऊ पडते. दिवसभरात स्टंप थोडा आक्रसतो, सॉकेट सैल होतं आणि घासायला लागतं. वेळेवर स्टंपवर एक जादा मोजा चढवला तर ते थांबतं. पण संवेदना कमी झाली असेल तर घासतंय हेच कळत नाही. धडधाकट पायावर जास्त भार येतो, त्याचंही तेच. हे सगळं रोज डोळ्यांनी बघायचं काम आहे, आणि ज्या घरात काहीही दाखवलं की बंदी येते तिथे म्हातारं माणूस दाखवणं सोडून देतं. काळजीपोटी घातलेली बंदी धोका बाथरूमच्या दाराआड नेते.

त्या दिवशी ठरलं ते एवढंच: रोज संध्याकाळी काका हातआरशात स्टंपची खालची बाजू आणि दुसरा तळवा बघणार आणि लेकीला दाखवणार. लाली दिसली तर ती ओसरेपर्यंत कृत्रिम पाय घालायचा नाही, ही अट त्यांनी स्वतःच घातली. लेकीने कबूल केलं की त्या लालीवरून डोंगराचा विषय काढणार नाही. आधी तो फोड डॉक्टरांना दाखवायचा.

जा किंवा जाऊ नका, हे समुपदेशकाने सांगू नये असं माझं मत आहे. हृदयाची स्ट्रेस टेस्ट, चालताना साखर एकदम उतरली तर काय, हे त्यांच्या डॉक्टरांचं काम. सॉकेटचं काम पाय बनवणाऱ्याचं. त्याने ते बदलूनच दिलं. मी एक आग्रह धरला, मागे फिरायची वेळ घरीच ठरवायची आणि ती ग्रुपच्या लीडरला सांगून ठेवायची. लेकीने फोन करून ‘आता फिरा’ म्हणायचं नाही. उतरण तर चढणीपेक्षा जास्त परीक्षा बघते. कृत्रिम पायाचा घोटा उतारावर हवा तसा वाकत नाही, गुडघा पुढे ढकलला जातो. त्यामुळे वरच सगळा दम संपवून चालत नाही.

हिवाळ्यात ते कर्नाळ्याला गेले. सुळका समोर दिसत होता, गडाचा दरवाजा अजून वर होता, आणि ठरलेली वेळ झाली. लीडरने सांगितलं, काका फिरले.

त्या आठवड्यात लेकीचा फोन आला. ‘‘बाबा बोलतच नाहीत कुणाशी. मीच म्हणू का, पुन्हा जा म्हणून?’’ मी म्हणाले, काही म्हणू नका. जेवण-झोप नीट आहे ना, स्टंप दाखवतात ना, मग त्यांना चार दिवस हिरमुसलेलं राहू द्या. आपल्या घरात म्हाताऱ्या माणसांची निराशासुद्धा आपण लगेच पुसायला धावतो. साठ-पासष्टीच्या पुढे माणसाला मनापासून काही हवं असणं आणि ते न मिळणं, हे दोन्ही चांगल्या जगण्याचाच भाग आहे.

पुढच्या भेटीत काका स्वतःच हिशेब मांडून आले. लायनर, म्हणजे स्टंपवर चढवायचं मऊ आवरण, घामाने भिजला, तो पुसायला दोनदा थांबावं लागलं, वेळ तिथेच गेला. आता जादा लायनर बरोबर न्यायचा आणि गड ज्यात आहे त्या पक्षी अभयारण्याचं गेट उघडताच चढायला लागायचं.

लेकीने त्या दिवशी नवाच विषय काढला. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या पॅरालिम्पिकमध्ये पॅरा क्लाइंबिंग येतंय, हे तिने वाचलं होतं. कृत्रिम भिंतीवर दोर वरून असतो, खाली बिले देणारा, म्हणजे तो दोर सांभाळणारा, असतो, तोल गेला तरी माणूस दोरावर लटकतो. काहीजण कृत्रिम पाय काढूनच चढतात. काकांना ते पटत नव्हतं, पाय काढून चढणार नाही म्हणाले. ती म्हणाली, भिंतीवर स्टंप घासण्यापेक्षा ते बरं. हा वाद ते प्रशिक्षकापुढे नेणार आहेत, आणि पहिल्या दिवशी लेकही हार्नेसचे पट्टे बांधून बघणार आहे.