मस्करीत लिहिलं, टोमणा झाला

प्रश्न: ताई, नमस्कार. आमच्या वाड्यावरच्या देवळात दरवर्षी भजनी सप्ताह असतो, त्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मीच बघते. यंदा कामं वाटून घ्यायच्या वेळी मी मस्करीत लिहिलं, "कोण नाय आलं तरी चालेल, आम्ही दोघं आहोतच राबायला." झालं, दोन घरं बोलायचीच बंद झाली. मग मी ग्रुपवर लांबलचक खुलासे टाकले तर आणखीनच चिघळलं. सप्ताह तोंडावर आलाय, काय करू?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: अगं, तुझ्या मनात काही नव्हतं हे मला पटतं, पण त्यांना ते कळलं नाही यात त्यांचीही चूक नाही गं. २००५ मध्ये जस्टिन क्रुगर, निकोलस एपली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत नेमकं हेच तपासलं होतं, म्हणजे काही वाक्यं सरळ आणि काही तिरकस अशी लोकांनी एकमेकांना ईमेलने पाठवायची आणि समोरच्याने ओळखायचं. पाठवणाऱ्यांना वाटलेलं ७८ टक्के वेळा तरी बरोबर कळेल, कळलं फक्त ५६ टक्के, आणि नुसता छापा-काटा केला असता तरी ५० टक्के आलेच असते ना! तीच वाक्यं आवाजात ऐकवली तेव्हा मात्र खूप जास्त कळली. लिहिताना आपला सूर आपल्याच डोक्यात वाजत असतो आणि वाटतं तो समोरच्यालाही ऐकू जातोय.

म्हणून आणखी खुलासा टाइप करू नकोस, फोन कर. फोनवर अवघडल्यासारखं होईल ही भीती सगळ्यांनाच असते, पण २०२१ मध्ये अमित कुमार आणि एपली यांनी जुन्या मित्रांशी परत संपर्क करायला लावला तेव्हा फोन करणाऱ्यांना ईमेलवाल्यांपेक्षा जास्त जवळीक वाटली, आणि अवघडलेपण काही जास्त नव्हतं.

आणि कामाची वाटणी देवळातच बसून करा. एलिनॉर ऑस्ट्रॉम, ज्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रयोगात लोकांना सगळ्यांचा मिळून एक साठा वापरायला दिला, कोणी जास्त ओढलं तर सगळ्यांचंच नुकसान. कसलीही सक्ती नाही, फक्त समोरासमोर बोलायची मुभा, तरी लोक बऱ्याच अंशी दिलेला शब्द पाळायला लागले. आपल्याकडे गोव्यात खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीत, हे जुनंच आहे, बांध एका ठिकाणी फुटला की खारं पाणी सगळ्यांच्याच शेतात, त्यामुळे बांध आणि मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार, कोणी बघायची हे गावकरीत, म्हणजे गावच्या जुन्या सामायिक संस्थेत, बसूनच ठरायचं. मला तर वाटतं आपण हे सगळं ग्रुपवर ढकललं तिथेच बिघडलं.

तेव्हा आज संध्याकाळीच त्या दोन घरांपैकी जे जास्त दुखावलंय तिथे आधी फोन लाव, "माझं लिहिणं चुकलं" एवढंच म्हण आणि मग त्यांना बोलू दे, मध्ये तोडू नकोस. मीटिंगचं बोलावणंही ग्रुपवर नको, घरी जाऊन दे.