रोज तोच सिनेमा: तो रिवाइंड कुठे करतो?

"मॅडम, रोज तोच सिनेमा. संवाद पाठ झालेत, तरी लावतोच. डोक्यावर परिणाम तर नाही ना होणार?"

आठवीतल्या मुलाची आई असं विचारते, तेव्हा धीर देण्याआधी एक माहिती काढावी लागते. तो रिवाइंड कुठे करतो? किती वेळा बघतो हे पालकांच्या तोंडावर असतं. कुठे थांबतो, हे बहुतेकांनी पाहिलेलंच नसतं.

हे कुटुंब (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) जूनमध्ये कळव्याहून घोडबंदर रोडला राहायला आलं. शाळा नवी, मित्र सगळे मागे राहिलेले. सिनेमा होता 2018 चा 'स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स', ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालेला. वडिलांच्या लेखी मात्र कार्टूनच. खरं तर अभ्यास बुडण्यापेक्षा 'एवढा घोडा झाला तरी कार्टून बघतो' याचाच त्यांना जास्त राग होता.

त्यातला नवखा स्पायडर-मॅन माइल्स मोरालेस हा न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा मुलगा. ओळखीची शाळा सुटून तो हुशार मुलांच्या निवासी शाळेत येतो. तिथून काढून टाकावं म्हणून चूक-की-बरोबरच्या परीक्षेत मुद्दाम शून्य मिळवतो. बाई ते ओळखतात, कारण डोळे मिटून खुणा केल्या तरी साधारण निम्मी उत्तरं बरोबर येतात, सगळी चुकवायला सगळी यावी लागतात. नुकतीच शाळा बदललेल्या मुलाला हा सिनेमा का धरून ठेवतो, याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

पण कळव्याहून आलेला हा मुलगा इथे थांबत नव्हता, मारामारीवरही नाही. तो दोनच ठिकाणी मागे जायचा. पहिल्या ठिकाणी पोलीस असलेले वडील माइल्सला शाळेशी सोडतात आणि गाडीच्या भोंग्यावरून, सगळ्या मुलांदेखत, 'आय लव्ह यू' म्हणायला लावतात. दुसरं ठिकाण बरंच पुढे येतं. वडील बंद दाराबाहेर उभे राहून बोलतात. आत माइल्स जाळ्याने खुर्चीला बांधलेला, तोंडही बंद. ते म्हणतात, तुझ्यावर प्रेम आहे, तू उलट म्हणायची गरज नाही.

मुलाच्या वडिलांना विचारलं, शाळेशी सोडताना तुम्ही काय म्हणता? "काही नाही हो, डबा संपव म्हणतो." मोटरसायकलवरून, फाटकातून आत गेलेल्या मुलाला ऐकू जाईल अशा आवाजात. आणि संध्याकाळी खोलीच्या दाराशी? "आज काय शिकवलं? गृहपाठ झाला? मग काय करतोयस आत?"

त्यांना दोनच कामं दिली. फाटकाशी फक्त हात करायचा. संध्याकाळी दारावर एक टकटक, स्वतःच्या दिवसातलं एक वाक्य, आणि लगेच निघायचं. वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह नको. 'आज लिफ्ट बंद होती, नऊ मजले चढलो' चालेल. ही युक्ती फसते ती एकाच कारणाने: माणूस उत्तराची वाट बघत उभा राहतो आणि शेवटी 'ऐकतोयस ना?' म्हणतो. यांचंही पहिल्या आठवड्यात तेच झालं, तेव्हा आईने बाही ओढून नेलं. पुढे एकदा आतून "मग जिन्याने किती वेळ लागला?" असं आलं.

सिनेमा बंद केला नाही. शाळेच्या दिवशी अर्धा तास, जेवणाआधी, आणि प्रसंग संपल्यावरच बंद, मध्येच टीव्ही बंद करून भांडण ओढवून घ्यायचं नाही. आईने एकदा सोबत बसून बघायचं, पण 'बघ, तो कशी मेहनत करतो' हे वाक्य गिळायचं.

सोबत बसल्यावर मुलगाच बोलू लागला. पडद्यावर सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रं, जातात. जंगलात झुलायला शिकताना माइल्सची पोझ दर दोन फ्रेमनी बदलते, म्हणजे सेकंदाला 12, तर त्याला शिकवणाऱ्या सराईत स्पायडर-मॅनची, पीटरची, प्रत्येक फ्रेमला. म्हणून माइल्स अडखळल्यासारखा दिसतो. नवख्याचं नवखेपण गतीतच दाखवलंय, हे तेरा वर्षांच्या मुलाच्या ध्यानात आलेलं होतं!

त्याला फ्लिपबुक करायला दिलं. फिक्या रंगाच्या चिकट चिठ्ठ्यांचा 100 पानांचा गठ्ठा, सेकंदाला 12 चित्रं धरली तर साधारण आठ सेकंद. सुरुवात शेवटच्या पानापासून करायची, म्हणजे आधीचं चित्र वरच्या पानातून दिसतं. चित्र दर पानाला दोन-तीन मिलिमीटरच सरकवायचं, जास्त सरकलं की हालचाल दिसण्याऐवजी उडी दिसते. गडद पिवळ्या चिठ्ठ्यांतून खालची रेघ नीट दिसत नाही. ते फ्लिपबुक घेऊन तो चित्रकलेच्या तासाला गेला आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाने पुढची पानं मागितली.

झोप उडाली, शाळेत जाणंच थांबलं, जेवण तुटलं किंवा 'मी नसलो तर बरं' अशी भाषा आली, तर मात्र सिनेमावर वाद घालत बसू नये, लगेच बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. आणि घरात पाच-सहा वर्षांचं भावंड सोबत बघत असेल, तर त्याला स्पायडर-मॅनची उंचावरून मारलेली उडी खरी वाटू शकते. खिडकीच्या ग्रिलजवळचा पलंग, स्टूल आधी हलवा आणि बाल्कनीच्या दाराला वरची कडी लावा.