तिथलेच लोक असताना आफ्रिकेतून गुलाम कशाला?

प्रश्न : काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून गोव्यात आणला एवढंच शाळेत शिकलो. परवा एक डॉक्युमेंटरी बघताना डोक्यात आलं, ब्राझीलमध्ये आदिवासी होतेच ना, मग समुद्रापलीकडून आफ्रिकन माणसं कशाला आणली? एक मित्र म्हणतो आदिवासी आळशी होते म्हणून. खरंय का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आळशी वगैरे काही नाही हो, ही मळेवाल्यांनी उठवलेली आवई. गुलाम आधी आदिवासींनाच केलं होतं. 1500 मध्ये पोर्तुगीज दर्यावर्दी काब्राल ब्राझीलला पोचला, त्यानंतर काही वर्षं धंदा लाल रंग देणाऱ्या लाकडाचा, किनाऱ्यावरचे तुपी आदिवासी झाडं तोडून द्यायचे आणि बदल्यात कुऱ्हाडी, सुऱ्या घ्यायचे, तोवर बरं चाललं. मग ऊस आला आणि सगळं फिरलं. तोडलेला ऊस लगेच गाळावा लागतो, त्यामुळे हंगामात चरक नि काहिली रात्रंदिवस चालू, म्हणजे आपलं गुऱ्हाळच पण आठ-नऊ महिने न थांबता. झोपेच्या गुंगीत कुणाचा हात चरकात गेला तर तो तोडायला शेजारी कुऱ्हाड तयार ठेवलेली असायची. अशा कामावर आपणहून कोण जाईल? आदिवासी पळायचे, जंगल त्यांच्या पायाखालचं होतं. त्यात 1562-63 ला ब्राझीलच्या बाहिया भागात देवीची साथ आली नि हजारो लोक गेले, त्यांच्या अंगात या रोगाशी लढायची ताकदच नव्हती. 1570 मध्ये पोर्तुगालच्या राजाने आदिवासींना गुलाम करायला बंदी घातली, पण 'न्याय्य युद्धात' पकडलेले चालतील अशी पळवाट ठेवून! साओ पावलोच्या टोळ्या पुढे शंभरेक वर्षं माणसं धरून आणत होत्याच.

आफ्रिकेत तर पोर्तुगीजांचा गुलामांचा धंदा आधीपासून बसलेला. 1526 मध्येच कोंगोच्या राजाने, आणि तो ख्रिश्चन बरं का, पोर्तुगालच्या राजाला लिहिलं की तुमचे व्यापारी आमच्या सरदारांची मुलं, आमचे नातेवाईकसुद्धा पळवतायत. फरक काय पडला? 1575-76 ला आजच्या अंगोलात लुआंडा वसवलं आणि तेच पुढे गुलामांचं मोठं बंदर झालं. ब्राझीलमध्ये एकूण 48 लाखांच्या आसपास आफ्रिकन उतरवले गेले, जगात कुठेच एवढे नाहीत.

आफ्रिकनही पळायचेच. ब्राझीलमध्येच डोंगरात पाल्मारेस नावाची त्यांची वस्ती जवळजवळ अख्खं सतरावं शतक टिकली, आदिवासीही होते तिथे. आणि ती मोडली कुणी, तर त्याच साओ पावलोवाल्यांनी, ज्यांच्या फौजेत निम्म्याहून जास्त आदिवासीच होते, मला तरी यातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच वाटते. तिथला नेता झुंबी 20 नोव्हेंबर 1695 ला मारला गेला, त्याचं मुंडकं रेसिफे शहरात लोकांना दाखवायला टांगलं. आता 2024 पासून त्या दिवशी देशभर सुट्टी असते.

प्रश्न : गोव्यात होते का आफ्रिकन गुलाम?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : होते, बहुतेक मोझांबिककडून आणलेले. मळे नव्हते त्यामुळे संख्या ब्राझीलच्या मानाने खूपच कमी, कामं घरातली, पालखी उचलायची, साहेबाच्या डोक्यावर छत्री धरायची. पोर्तुगालने वसाहतींतली गुलामगिरी कागदावर बंद केली ती 1869 ला.