सफाईचे काम ठेक्यावर दिल्याने कामगाराचे नेमके काय बिघडते?

काम तेच, किमान वेतनही कायद्याने ठरलेले, मग झाडूचे काम ठेकेदाराकडे गेल्याने कामगाराचे काय बिघडते, असे आपण विचारले आहे. नागपुरात एका सार्वजनिक संस्थेच्या लेखा शाखेत मी बरीच वर्षे ठेकेदारांची देयके तपासली. त्या अनुभवावरून लिहितो.

सर्वांत मोठे नुकसान पगारात नव्हे, सेवेच्या वर्षांत होते. ठेक्याची मुदत दोन-तीन वर्षांची असते. ती संपली की नवा ठेकेदार बहुतेक जुनीच माणसे ठेवून घेतो, पण त्यांची नेमणूक नव्या तारखेपासून दाखवतो. १९७२ च्या कायद्यापासून चालत आलेल्या नियमाने एकाच मालकाकडच्या ५ वर्षांच्या अखंड सेवेनंतर नोकरी सोडताना दर वर्षामागे १५ दिवसांच्या वेतनाइतकी ग्रॅच्युइटी मिळते. मात्र धरमपेठेत बारा वर्षे एकच रस्ता झाडणाऱ्या एका बाईंची ५ वर्षे कोणत्याच ठेकेदाराकडे भरलेली नव्हती. ‘काही नाही जी, फक्त जॅकेटचा रंग बदलते,’ असे त्या म्हणाल्या होत्या. कायम सफाई कामगाराच्या वारसाला राज्य सरकारने सफाई कामगारांसाठी नेमलेल्या लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार नोकरी मिळते. त्यांच्या मुलाला तीही वाट नव्हती.

पगाराचे म्हणाल, तर निविदा सर्वांत कमी दराला मंजूर होते आणि गाड्यांच्या डिझेलचा भाव ठेकेदाराच्या हाती नसतो, त्यामुळे कात्री मजुरीलाच लागते. मस्टरवर (हजेरीपटावर) चाळीस नावे आणि रस्त्यावर बत्तीस माणसे असतात, किंवा बँकेत पूर्ण वेतन जमा होऊन त्यातला काही भाग मुकादम रोखीने परत घेतो. भविष्यनिर्वाह निधीतला (पीएफ) मालकाचा १२ टक्के हिस्साही कधी मजुरीतूनच कापला जातो. देयकाला जोडलेला बँकेचा कागद मात्र निर्दोष असतो. अशी देयके मीही मंजूर केली आहेत, हे इथे सांगायला हवे.

ठेकेदाराने वेतन थकवले तर ते मूळ मालकाने, म्हणजे काम ठेक्यावर देणाऱ्या संस्थेने, द्यावे, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे. परंतु ती वापरायची तर आपण त्या ठेकेदाराकडे होतो हे कामगाराला दाखवता आले पाहिजे, म्हणून प्रत्येक ठेकेदाराचे ओळखपत्र आणि वेतनचिठ्ठी जपून ठेवावी, आणि पीएफच्या पासबुकात त्या महिन्याचा भरणा आला की नाही हे दर महिन्याला पाहावे. त्या बाईंकडे पाच ठेकेदारांपैकी एकाचेच ओळखपत्र उरले होते.